चार शब्दांची खुरपणी

एका वृद्ध गुरुजींकडे एक तरुण शिष्य भाषांतराची विद्या शिकत होता. मुलगा हुशार होता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलेच ठाऊक होते. एकदा गावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे एक इंग्रजी पुस्तिका सोपवली. शेतात राबणाऱ्या बायकांनी कंबर आणि गुडघे कसे सांभाळावेत, हे तिच्यात सांगितले होते. शिष्याने दोन दिवसांत मराठी भाषांतर केले आणि शाबासकीच्या अपेक्षेने गुरुजींपुढे ठेवले.

गुरुजींनी ते शांतपणे वाचले. एकही खूण केली नाही. वही मिटून ते म्हणाले, उद्या सकाळी लसणाच्या शेतावर ये, आणि पँट जरा जुनी घाल.

दुसऱ्या दिवशी शेतात खुरपणी चालली होती. गुरुजी बांधावर बसले, शिष्याच्या हाती खुरपे दिले आणि त्याचेच भाषांतर मोठ्याने वाचू लागले. तण काढताना खाली वाका. टोपली उचलताना खाली वाका. रोप पाहताना खाली वाका. शिष्य बिचारा वाकत राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक वाफा संपेपर्यंत त्याने दोन्ही हातांनी कंबर धरली होती.

शेजारच्या वाफ्यातल्या हौसाबाईंना त्याची दया आली. दोन वर्षांपासून त्यांचीही कंबर धरत होती. टोपली उचलताना तर डोळ्यांत पाणी यायचे. त्या म्हणाल्या, "दादा, उकिडवं बसा की. असं ओणवं राहून कुणी खुरपतं व्हय?"

शिष्याने चमकून गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी मूळ इंग्रजी पुस्तिका उघडली. तण काढण्यापाशी 'स्क्वॉट' होते, म्हणजे उकिडवे बसा; टोपलीपाशी 'नील', म्हणजे गुडघा टेका; आणि रोप क्षणभर पाहण्यापाशी 'स्टूप', म्हणजे ओणवे व्हा. मध्ये कुठेतरी 'क्राउच'ही होते, म्हणजे गुडघे मुडपून अंग चोरून बसा. चारही जागी शिष्याने 'वाका' लिहिले होते.

"बाळ," गुरुजी प्रेमाने म्हणाले, "हे अज्ञान नव्हे. शब्दकोश तुझ्या उशाशी असतो. पण उभ्या माणसाला जमिनीलगतचे सगळे देह सारखेच दिसतात. कुणाचा भार टाचेवर आहे, कुणाचा गुडघ्यावर, कुणाची पाठ ताणली आहे, हे त्याला वरून कळत नाही. म्हणून दुसरा शब्द शोधावा, असे तुला वाटलेच नाही. हे पुस्तक छापून आले असते, तर या बायकांनी तुझ्यावर विश्वास ठेवला असता आणि दुखणे वाढवून घेतले असते."

शिष्याची मान खाली गेली. त्याला मनापासून लाज वाटली. मग तो हौसाबाईंच्या शेजारी उकिडवा बसला, दोनदा मागे कलंडला, आणि तिथेच मांडीवर वही घेऊन नव्याने लिहू लागला. एकेक वाक्य तो वाचून दाखवी, बायका तसे करून बघत आणि बिनदिक्कत चुका काढत.

टोपलीचे वाक्य आले. एक गुडघा टेका, टोपली अंगाशी घ्या आणि उठा. हौसाबाईंनी गुडघा टेकला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, आधी मोकळा हात दुसऱ्या गुडघ्यावर रोवायचा, मग उठायचं, तेवढं घाला. त्याने घातले. त्या टोपली घेऊन सावकाश उठल्या. कळ येण्याची वाट पाहत तशाच उभ्या राहिल्या. कळ आली नाही.

"चांगलं लिवलंय," त्या मिश्कीलपणे म्हणाल्या. "कुणी लिवलं?"

कालपर्यंत त्याने या प्रश्नाचे उत्तर छाती काढून दिले असते. आज तो म्हणाला, "मावशी, हे वाक्य तुमचं आहे."

"मग नाव घाला माझं," हौसाबाई म्हणाल्या. "माझं नाव वाचता येतं मला."

पुस्तिका छापून आली, तेव्हा तिच्यावर दोन नावे होती. वरचे हौसाबाईंचे होते.