गॅसचा फेस

डेअरीचा बॉयलर गव्हाणेबाई सांभाळत. मे महिन्यात दूध नेहमीइतकंच तापवूनही गॅसचं मीटर जास्त आकडा दाखवू लागलं. मॅनेजर खर्डेकरांनी बाईंना सगळ्यांसमोर गॅसचोर ठरवलं आणि निलंबनाचा कागद पुढे केला.

"साहेब, मीटर भर उन्हात आहे. तापलेला गॅस फुगतो, तेवढा वजा करा."

"मीटर दाखवतं तेच खरं!"

"बरं. फेस बसल्याशिवाय दूध मोजायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा. फेसाला दूध म्हणायला मी खुळा नाही."

"मग गॅसचा फेस तेवढा माझ्या माथी का?"

खर्डेकरांनी कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी मीटरशेजारी तापमापक लागला. फळ्यावर त्यांच्याच सहीची सूचना होती, "गॅसचा फेस वजा करूनच आकडा लिहावा."