मरणाची घंटा

पटकीच्या साथीत मेलेल्यांना पुरायला माणसं मिळेनात, पण सरकारला खुपली ती चर्चची घंटा. गावात कुणी गेलं की फादर तुस्कानो ती वाजवत. लोक घाबरतात, म्हणून मामलेदार रुमाव हुकूम घेऊन आले. तेही याच चर्चचे.

"आजपासून घंटा बंद. सत्तेची आज्ञा पाळा, असं बायबलच सांगतं ना, फादर?"

"सांगतं. पाळतो," फादर थकून म्हणाले. "फक्त एक ओळ वाढवा, साहेब. मामलेदारांच्या घरी कुणी वारलं, तरी वाजवायची नाही."

रुमावांच्या आईला पहाटेपासून जुलाब लागले होते. त्यांनी हुकूम फाडला.

फादर जिंकले. संध्याकाळपर्यंत त्यांनी घंटेचा दोर नऊ वेळा ओढला. नवव्यांदा ओढला तो रुमावांच्या आईसाठी.