रिकामा परतलेला डबा

“मग तो डबा तिनं तुला रिकामाच परत दिला?” बुवांनी विचारलं.

“रिकामाच,” हेरंब म्हणाला. “कोरडा ठाक.”

हेरंब टिपणीस आता मोठा माणूस झाला होता. युरोपातल्या एका विद्यापीठात तो शिकवायचा. घरचं वळण माणसाची मूल्यं कशी घडवतं, हा त्याचा विषय. ग्रीसची आजी नातवामागे धावत त्याला भरवते, हॉलंडची आई पोराच्या हाती पाव देऊन ‘तुझं तू खा’ म्हणते, आणि पुढे ती दोन पोरं जगाकडे कशी वेगवेगळी बघतात, हे तो असं रंगवून सांगायचा की वर्गाला तास संपल्याचं कळत नसे. सुट्टीत गावी आला की पहिली फेरी कृष्णाकाठच्या या लहानशा मठात. बुवांनीच त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती.

या खेपेला लाडवांच्या डब्याबरोबर तो मनात एक सलही घेऊन आला होता.

“माझ्या वर्गात फिनलंडची मुलगी आहे, आइनो नावाची. तापानं फणफणली होती. जवळ आपलं माणूस कुणी नाही, म्हणून संध्याकाळी मऊ खिचडी नेऊन दिली. सकाळी डबा माझ्या दारात हजर. आत साखरेचा कणसुद्धा नाही.”

“मग?”

“मग मी वर्गात तोच दाखला दिला. म्हटलं, आमच्याकडे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. ते झालं मायेचं वळण. आणि हे... कोरडं.”

“नाव घेतलंस तिचं?”

“नाही. पण डबा टेबलावर ठेवला होता.”

बुवांनी लाडवांचा डबा जवळ ओढून घेतला.

“सगळे हसले. त्या दिवसापासून ती वर्गात आली नाही. सगळ्यांत हुशार पोर, बुवा! आता विषयच सोडते म्हणून पत्र आलंय. ‘दुसऱ्याचं भांडं घरात दुसरी रात्र राहू द्यायचं नाही, असं आजीनं शिकवलंय.’ बस, एवढंच लिहिलंय. सोमवारी मी परत जातोय. ती यायला हवी... पण रिकामं ते रिकामंच, नाही का?”

शिकलेल्या माणसाचा ताठा हा असा असतो. कळतं, पण वळत नाही.

“भरून द्यायला तुला कुणी शिकवलं रे?”

“आईनं.”

“समजावून सांगितलं?”

“छे! एकदा रिकामी वाटी देऊन आलो, तर पाठीत धपाटा.” हेरंब हसला. मग त्याचा आवाज उतरला. “एकदा घरात खरंच काही नव्हतं. तिनं वाटीत तुळशीची दोन पानं ठेवली...”

त्याला भरून आलं. जगभर मिरवलेली त्याची सगळी विद्या त्या दोन पानांपाशी सुरू झाली होती. आई होती तोवर हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

बुवांनी लाडू ताटात काढले. डबा घेऊन ते पायरीवर बसले, घासायला राखेत बोटं बुडवली आणि थांबले. डबा उन्हात धरून त्यांनी त्याची कडी उघडली, मिटली.

“हा तुझ्या आईचाच ना? यातूनच ती मठात भाकरी पाठवायची.”

“हो. तिकडेही हाच वापरतो मी.”

“या कडीच्या खाचेत तेला-हळदीचं कीट होतं. जुनं. मी कितीदा राखेनं घासलं, हटलं नाही.”

“असेल.”

“आता नाही.”

हेरंबनं डबा हातात घेतला. खाचेत नख फिरवलं. नख स्वच्छ निघालं.

“मी नाही घासला,” तो हळूच म्हणाला.

“मग?”

“एकशे दोन ताप होता तिला, बुवा.”

तो डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. आधी लाज वाटली. मग हळूहळू मन निवत गेलं. आईचे उपकार तर होतेच, आज कधी न पाहिलेल्या एका परक्या आजीलाही त्यानं मनोमन हात जोडले.

“सोमवारी तिच्याकडे जातो. माफी मागतो. पण ती परत आली, तर आता तिला मी काय शिकवू?”

बुवांनी लाडू मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

“कीट कशानं काढलं, ते विचार तिला.”