नदाफ गुरुजींचा बांध

“पण आधी सुरुवात कुणी करायची, गुरुजी?”

नदाफ गुरुजी चिंचेचं टरफल काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशाची?”

“हवामान बदल थांबवण्याची.”

“आजच?”

“रविवारी. सांगलीला परिसंवाद आहे. ‘हवामान बदल : जबाबदारी कुणाची?’ दोन पक्षांचे दोन पुढारी, आणि मधे मी.”

“तू कोण म्हणून?”

“तज्ज्ञ म्हणून.”

आता गुरुजींनी वर पाहिलं.

चौथीत मला त्यांनीच शिकवलं. तेव्हा मी नकाशात अरबी समुद्र महाराष्ट्राच्या पूर्वेला रंगवला होता. सध्या मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते.

गुरुजींनी पुन्हा टरफलात नख घातलं. 

मार्च होता. शाळू काढून झाला होता. आम्ही त्यांच्या शेताच्या बांधावर चिंचेखाली बसलो होतो. निवृत्त होऊन गुरुजींना चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून ते ही तीन एकर कसतात. गावात कुणाचं काही अडलं तर माणूस या बांधावर येतो. मीही आले होते, आणि खरं सांगायचं तर परिसंवादासाठी आलेच नव्हते.

“ते पुढारी काय म्हणणार?” गुरुजींनी विचारलं.

“एक म्हणणार, श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला, आधी त्यांनी कमी करावं, मग आपण बघू. दुसरा म्हणणार, सगळं थोतांड आहे, पाऊस पूर्वीही लहरीच होता.”

“आणि तू?”

“मी म्हणणार, दोन्ही बाजूंचा समतोल विचार झाला पाहिजे.”

“म्हणजे काहीच म्हणणार नाहीस.”

“हो. वीस मिनिटं.”

गुरुजींच्या खांद्यांना हसू फुटलं. त्यांचं तोंड कधी हसत नाही, खांदे हसतात. सोललेली चिंच त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

“रावसाहेब कसा आहे?”

मला ठसका लागला.

रावसाहेब माझा चुलतभाऊ. वडील गेल्यावर आमचं शेत माझ्याकडे आलं. त्याचं शेत शेजारी. मधे बांध. म्हणजे होता.

“त्याचाच विषय काढणार होते,” मी म्हटलं. “गुरुवारी सरकारी मोजणी येतेय. जुना बांध कुठं होता ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही साक्षीला उभे राहा, गुरुजी. तुमचा शब्द गावात कुणी मोडत नाही.”

“काय झालं?”

“दरवर्षी नांगराचा एक फेर आत घुसतो. दीड फूट बांध खाल्ला त्यानं.”

“आणि तू?”

“मी फक्त माझं परत घेतलं.”

“किती?”

“दीड फूट.”

“कुठून?”

“...बांधातूनच.”

“मग आता बांध केवढा उरलाय?”

मी हाताची वीत करून दाखवली. मग खरं आठवून जरा आवळली.

“ऑक्टोबरात पाऊस कोसळला तेव्हा?”

या प्रश्नाची मला भीती होती. महिन्याभराचा पाऊस दोन तासांत झाला होता. त्या वितीएवढ्या बांधाला तो काय ऐकतोय. माझ्या शेतातली वरची काळी माती त्याच्या शेतात गेली, त्याच्या शेतातली ओढ्यात गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बहीणभाऊ ओढ्याच्या काठी उभे राहून तासभर भांडलो. त्या तासाभरातही माती वाहतच होती.

त्या पावसावर मी कॉलेजात व्याख्यान दिलं होतं. स्लाइडसह. आमच्या शेताचा फोटो दाखवला. शेत कुणाचं ते सांगितलं नाही.

“चूक त्याची आहे, गुरुजी. सुरुवात त्यानं केली.”

गुरुजींनी दुसरी चिंच घेतली.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून मायाप्पा खरात आला. गुरुजींचा शेजारी. साठीचा, दांडगा, खांद्यावर घोंगडं. बांधावरच्या कडुलिंबाला टेकून खाली बसला आणि न विचारता चिंच उचलली.

“काय म्हणतंय कॉलेज, ताई?”

“हवामान बदलावर बोलतोय आम्ही.”

“काय बदललं न्हाई हवामान-बिवामान.” मायाप्पानं चिंचोका थुंकला. “माझा आजा सांगायचा, त्येच्या टायमाला बी असंच. ऊन ते ऊन, पाऊस तो पाऊस. ही सगळी शिकल्याली मान्सं घाबरवत्यात.”

“मायाप्पा, गेल्या शंभर वर्षांचे आकडे...”

“आकडे तुमच्याकडंच ठेवा.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते मान डोलावत होते, पण कुणाच्या बाजूनं ते कळेना.

मी पाय पसरले. तेव्हा मला जाणवलं, की बांधावर पाय पसरता येतायत. मी, गुरुजी आणि मायाप्पा ऐसपैस बसलो होतो. चिंच, कडुलिंब, बोरीचं झुडूप, गुडघाभर वाळलेलं गवत. गवतातून एक मुंगूस आमच्याकडे बघून गेलं. गावातल्या बाकी बांधांवरून शेळी चालली तर तिला तोल सांभाळावा लागतो. इथं बैलगाडी गेली असती.

“गुरुजी, तुमचा बांध एवढा रुंद कसा?”

गुरुजींनी हनुवटीनं मायाप्पाकडे खूण केली. “त्याला विचार.”

“मला कशाला?” मायाप्पा म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “मी कोरायचो हो ह्यांचा बांध. खोटं कशाला बोलू. दरसाल एक फेर.”

“मग भांडण झालं असेल.”

“तीच तर बोंब. झालंच न्हाई. मी एक फेर आत आलो, की ह्ये एक फेर मागं. न बोलता. पुढल्या साली मी आणि एक आलो, ह्ये आणि एक मागं. मी म्हटलं, बघू कुठवर जातंय म्हातारं. सा वर्सं, ताई. बांध आपला सरकत सरकत ह्यांच्या रानात.”

“आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, गुरुजी?”

“‘जेवलास का’ म्हणायचो,” गुरुजी म्हणाले.

“त्येच लागलं मला,” मायाप्पा म्हणाला. “भांडला असता तर मी बी भांडलो असतो. कोरटात गेलो असतो, झ्याक दहा वर्सं गेली असती. पण चावडीवर मान्सं बोलाय लागली. म्हणं, मायाप्पा मास्तराच्या दारात रान मागतोय. मी? खराताचा पोरगा? तवा नांगर थांबवला बघा.”

“थांबवलात.”

“थांबवला. तर पुढल्या साली ह्यांनी आणि एक फेर बांधाला सोडला. मी न घेता. आता सांगा, माणसानं काय करावं?”

“काय केलंत?”

 मायाप्पानं गवताची काडी तोडली.

“मी दोन सोडले.”

“का?”

“मग काय मी कमी हाय का?”

गुरुजींचे खांदे हलायला लागले. मायाप्पाचेही. नऊ वर्षं झाली, म्हणे. एका साली हा जास्त सोडतो, एका साली तो. कडुलिंब मायाप्पानं लावला, गुरुजींना हरवायला. बोर आपोआप आली आणि तिच्यावर दोघांचा हक्क आहे, म्हणून दोघांचीही पोरं ओरबाडतात.

“ऑक्टोबरात माती गेली का?” मी विचारलं.

“जाती कुठं?” मायाप्पा म्हणाला. “पाणी आलं, हितं अडून बसलं, तिसऱ्या दिशी जिरलं. पण त्येचा आणि हवामानाचा काय संबंध न्हाई.”

“मुळीच नाही,” गुरुजी म्हणाले.

“न्हाईच.”

“नाहीच म्हणतोय.”

मायाप्पानं समाधानानं घोंगडं उचललं आणि गेला. जाताना सांगून गेला, की औंदा तो तीन फेर सोडणार आहे, आणि मास्तरनं वयाचा विचार करून शर्यतीत पडू नये.

आम्ही दोघंच उरलो.

मी परिसंवादासाठी वही आणली होती. ती उघडली. पुन्हा मिटली.

“गुरुजी, पण मायाप्पा मुळात मानी माणूस होता. म्हणून जमलं. समोरचा नसला तसा तर? त्यानं नाहीच सोडलं कधी?”

 गुरुजी चिंचेच्या शेंड्याकडे बघत होते. तिथं काही नव्हतं. वारा होता...

माझा फोन वाजला.

बिरू होता, आमचा ट्रॅक्टरवाला. मोजणीच्या आधी शेत नांगरून घ्यायचं म्हणून मीच त्याला आज बोलावला होता. बांधाला अगदी चिकटून घे, हेही मीच सांगितलं होतं. दोनदा.

“ताई, पोचलो रानात.” मागं इंजिन धडधडत होतं. “रावसाहेबदादा बी हितंच उभं हायती, बघत. बांधाला कुठवर लावू?”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते चिंचोके गोळा करून कागदात बांधत होते. मन लावून. जगात दुसरं काही चाललेलंच नव्हतं.

एक शब्द बोलले असते तर मी वाद घातला असता. वाद घालण्यात मी तयार आहे, तालुक्यात माझं नाव आहे.

“ताई? ऐकू येतंय नव्हं?”

मी मिटलेली वही मांडीवरून खाली ठेवली.

“एक फेर सोड, बिरू.”

“कुणाच्या बाजूनं?”

“आपल्या.”

इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. 

“ताई... तब्येत बरी हाय नव्हं?”

“बरी आहे.”

“दादा विचारत्यात काय म्हणाली म्हणून. काय सांगू?”

“जेवलास का, म्हणून विचार.”

“आं?”

“विचार नुसतं.”

मी फोन ठेवला. माझे खांदे हलत होते. कशानं ते कळेना. मग कळलं, की मला हसू येतंय. चौथीत पूर्वेचा अरबी समुद्र फळ्यावर टांगला होता तेव्हा सगळा वर्ग हसला होता, आणि शेवटी मीही. तसं.

पण सवय कुठं जाते.

“गुरुजी,” मी डोळे पुसत म्हटलं, “चांगलं वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगू? काळजात कळ आली. वडिलांच्या जमिनीतला एक अख्खा फेर गेला माझा.”

गुरुजींनी चिंचोक्यांची पुडी माझ्या ओंजळीत ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटली, आणि गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभे राहिले.

“गेला कुठं?” ते म्हणाले. “जाऊन बघ.”