धर्मशाळेच्या भिंतीवरची बाई

एका नदीकाठच्या गावात साळू नावाची चितारीण राहत होती. घाटावरच्या धर्मशाळेच्या भिंतीवर तिने एक चित्र काढलं होतं. नदीकडे तोंड करून उभी असलेली एक बाई आणि तिचा वर उचललेला हात, एवढंच. पण त्या चित्रापुढे माणसं थबकायची. सासरी निघालेल्या मुलींना वाटायचं, आई निरोप देते आहे. परतणाऱ्या नावाड्यांना वाटायचं, घरचं कुणीतरी बोलावतं आहे.

त्याच गावात भागा नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा व्यापाऱ्यांच्या गलबतावर गेला, त्याला बारा वर्षं झाली. भागा रोज सकाळी त्या चित्रापाशी घटकाभर बसायची आणि मगच कामाला लागायची.

एकदा राजा जत्रेला आला. सोबत दरबारातला कळसूत्री बाहुल्या नाचवणारा होता. चित्र पाहून राजा म्हणाला, "ही बाई हलली तर काय बहार येईल!" मग साळूकडे वळून म्हणाला, "हिची बाहुली रंगवून दे. खेळ रंगला, तर राजवाड्याच्या सगळ्या भिंती तुझ्या."

साळू हरखली. आपलं चित्र जिवंत होणार! बाहुलेवाल्याने लाकूड कोरलं, साळूने हुबेहूब तोच चेहरा रंगवला. भर दुपारी जत्रेत खेळ झाला. दोरा ओढताच बाईचा हात हलला. मग ती हळूच वळली, तिने पदराने डोळे पुसले आणि पडद्याआड निघून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं तर जागची उठेनात.

दुसऱ्या दिवशी भागा घाटावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. साळू तिच्या घरी गेली.

"बरं नाही का, भागामावशी?"

"बरी आहे गं. पण आता तिथं येऊन काय करू? इतकी वर्षं मला वाटायचं, ती बाई पोराला घरी बोलावते आहे. परवा खेळ पाहिला आणि कळलं, ती तर निरोप देत होती. देऊन निघूनसुद्धा गेली."

साळू तडक राजाच्या तळावर गेली.

"महाराज, त्या बाईचा खेळ थांबवा."

"का? लोकांना तर आवडला."

"आवडला, कारण बाहुलेवाल्याच्या बोटांत कसब आहे. पण माझी बाई नुसती उभी आहे, म्हणून ती सगळ्यांची आहे. हलली, आणि एकाच गोष्टीची झाली."

"मग राजवाड्याच्या भिंती विसर," राजा चिडून म्हणाला.

"विसरले, महाराज."

तेवढ्यात बाहुलेवाला पुढे झाला. "महाराज, हिचं खरं आहे. ती बाई हलवताना मलाही वाटत होतं, दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य मी उगाच पुरं करतो आहे."

"तुला मी वानर रंगवून देते," साळू त्याला म्हणाली. "ते नुसतं उभं राहिलं, तर कुणी ढुंकून बघणार नाही. उड्या मारायला लागलं, की बघ!"

आणि तसंच झालं. बाईचा खेळ थांबला, आणि वानराने अशा काही कोलांट्या मारल्या, की हसता हसता राजाची पगडी खाली पडली. भिंती मात्र त्याने दुसऱ्याच चिताऱ्याला दिल्या. साळूने त्याची खंत केली नाही.

ती भागाला हाताला धरून घाटावर घेऊन आली. "मावशी, ही बाई मी काढली. ती निरोप देते आहे, असं मी कधी ठरवलंच नव्हतं."

भागाने चित्राकडे पाहिलं. मग पायरीवर ऐसपैस बसली.

"मग बोलावतेच आहे," ती म्हणाली.

तात्पर्य: जे स्थिर राहून प्रत्येकाशी वेगळं बोलतं, त्याला हलवून एकच गोष्ट बोलायला लावू नये. हालचालीची हौस असेल, तर तिच्यासाठी नवं काही घडवावं.