चोरशेतातला कावळा

मुलांनो, फार वर्षांपूर्वी जपानात सरदारांचा अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका डोंगरावर, बांबूच्या बनात एक कावळा राहत असे. खाली दरीत भाताची खाचरे होती. पण पिकलेला तांदूळ बहुतेक सगळा सरदाराच्या कोठारात जाई आणि पिकवणारे शेतकरी वरई नि मुळ्याचा पाला शिजवून पोट भरत. म्हणून मोसुके नावाच्या शेतकऱ्याने आणि त्याची बायको ओकिन हिने बनामागे, कोणाच्या नजरेला पडणार नाही असा, जमिनीचा एक तुकडा करून त्यात वरई पेरली होती. सरदाराच्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता. हिवाळाभर घर त्यावरच निभे.

हे चोरशेत कावळ्याला सापडले. खालच्या खाचरांत पाखरू उतरले की लोक फळ्या बडवत, हाकारे घालत. इथे आवाज केला तर दरीत ऐकू जाईल, म्हणून मोसुके नुसते हात हलवी. कावळा एका कणसावरून उडे आणि दुसऱ्यावर बसे.

"एक दगड मारू का?" मोसुके कुजबुजला.

"नको, कोकलत सुटेल," ओकिन म्हणाली. "एकटाच तर आहे. खाऊन खाऊन किती खाईल!"

कावळ्याला वाटले, ही माणसे आपल्याला घाबरतात. तो शेजारच्या होल्याला म्हणाला, "पाहिलंस? माझ्यापुढे यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. उद्या सगळ्या जातभाईंना इथे जेवायला बोलावतो."

"कशाला? पोटभर मिळतंय ना? गुपचूप खा की."

"गुपचूप खायला मी काय होला आहे?"

दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी आभाळ काळे झाले. एकच कावकाव! नेमका त्याच वेळी सरदाराचा अंमलदार दरीतून चालला होता. "वर एवढे कावळे कशाला जमलेत?" म्हणत तो चढून आला. ओकिन विळा हातात धरून जागच्या जागी थिजली. मोसुकेने गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले. अंमलदाराने दोरीने शेत मोजले, निम्मे पीक सरदाराचे म्हणून सांगितले आणि तो आला तसा निघून गेला.

आता लपवायला काही उरले नव्हते. राहिलेला दाणा न् दाणा राखायचा होता. ओकिन पहाटेपासून फळी बडवू लागली, मोसुके गोफण फिरवू लागला. जातभाई पहिल्याच दिवशी पळाले. कावळा पंखावर दगड खाऊन होल्याकडे आला.

"इतके दिवस किती गरीब होती ही माणसं! आजच काय झालं यांना?"

"तुझी भीती त्यांना कधीच नव्हती," होला म्हणाला. "भीती होती ती गोंगाटाची. तो तू करून बसलास."

मग बर्फ पडले. दरवर्षी अंगणातल्या जपानी टेंभुर्णीच्या शेंड्यावर ओकिन एक फळ पाखरांसाठी राखून ठेवी. त्या वर्षी कावळा दुखऱ्या पंखाने तिथे गेला, तर झाड पार रिकामे होते; निम्मे पीक गेल्यामुळे ओकिनने तेही फळ घरासाठी उतरवले होते.

तात्पर्य : कोणी निमूटपणे सोसत असेल, तर तो आपल्याला भितो असे समजू नये. त्याची अडचण ओळखून वागावे. त्यात आपलेही भले असते.