काचेचा दवाखाना आणि साहेबांची गाडी

आमच्या खैरीत सरकारी दवाखाना व्हायचा होता. नकाशा घेऊन शहरातून इंजिनीअर प्रभुघाटे साहेब आले. ऐट अशी, की सूर्यानंही त्यांना विचारून उगवावं! ऐन मे महिन्यात गावसभेच्या मांडवात उभे राहून म्हणाले, "चारी बाजूंनी काच, आत एसी. पर्यावरणाला धरून इमारत! उघडायची खिडकी एकही नाही. तो कडुलिंब तेवढा आड येतो, तोडून टाकू."

पारबता मावशी, आमची म्हातारी दाई, उठली. "अन् लाइट गेली तर जी? बाळंतीण उकडून निघंल."

"मावशी, इमारतीतलं मला कळतं. मी आजच सही करतो."

"करा ना जी! फक्त गाडी उन्हात घ्या, काचा लावा, एसी बंद. तासाभरानं आत बसून सही करा."

गाडी कुठं होती? त्याच कडुलिंबाखाली! सारा मांडव खिदळला. साहेब इरेला पेटले, गाडी उन्हात गेली. तासाभरानं आत बसले. मी मोठ्यानं आकडे मोजू लागलो. चाळिसाला साहेब बाहेर, शर्ट पिळून घ्यावा असा!

मावशी पदरानं वारा घालत म्हणाली, "आमची पोरगी बाळंतपणात तीन दिवस राहील आत."

नकाशा बदलला. जाड भिंती, मोठाल्या खिडक्या, कडुलिंब जागच्या जागी. दवाखाना आधीच सुरू झालेला; उद्घाटनाला साहेब आले, तर त्या सावलीत बाळंतिणींची माणसं डबे उघडून बसलेली. गाडीला जागाच नाही!

मावशी वरच्या खिडकीतून ओरडली, "उन्हातच लावा जी! काचा तेवढ्या उघड्या ठेवा!"